मावशींचं पत्र आणि अदृश्य पाकीटमार

"माझ्या नजरेतून आजवर एकही गुन्हेगार सुटलेला नाही," असं आमच्या भावोजींनी स्वतःच्या कार्डावर छापून घेतलं आहे. यात खोटं काही नाही. आजवर एकही गुन्हेगार त्यांच्या नजरेला पडलेलाच नाही. त्याखाली 'तर्कसम्राट', 'सूक्ष्मदृष्टी' आणि 'भेटीची वेळ : केव्हाही' असंही आहे. त्यातलं शेवटचं शंभर टक्के खरं. मी त्यांचा मेहुणा. ताईच्या टायपिंगच्या दुकानात मुद्रितं तपासतो आणि उरलेल्या वेळात भावोजींचा सहायक असतो. ही नेमणूक मला न विचारता झाली.

त्या मंगळवारी दुपारी तीन वाजता समोरच्या गल्लीतल्या शिवणवाल्या मावशी दुकानात आल्या. गळ्यातली टेप काढायचंही भान नव्हतं. त्यांचा मुलगा मालवाहू बोटीवर स्वयंपाकी. शनिवारी त्याचा ईमेल आला होता : 'कंपनी आणखी दोन वर्षांचा करार देतेय. सही करू की घरी येऊ? मंगळवारी पाचला बोट सुटेल, त्याआधी कळव.' मावशींनी तीन दिवस विचार करून वहीच्या पानावर उत्तर लिहून आणलं होतं. ते मीच टाइप केलं, म्हणून मला मजकूर ठाऊक. 'सही कर. माझी काळजी करू नकोस. मी मजेत आहे.' यातला 'मजेत' हा शब्द त्यांनी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिला होता.

ताई कागद आणायला बाहेर गेली होती. मी इंटरनेट लावलं. मोडेमनं नेहमीप्रमाणे किंचाळून, खरखरून घसा साफ केला आणि पडद्यावर 'जोडणी झाली' असं आलं. मी पत्र पाठवलं. पत्र जाईना. कुठलंही पान उघडेना. सगळं जोडलेलं आणि सगळं ठप्प.

"हात लावू नकोस!" भावोजी खुर्चीतून उठले. "हे घटनास्थळ आहे."

त्यांनी जोडणी तोडून पुन्हा लावायला लावली आणि मोडेमला कान लावला. "ऐकलंस? ती शेवटची खरखर? हा घाबरलाय. काहीतरी लपवतोय."

"तो रोज असाच ओरडतो, भावोजी."

"म्हणजे रोज लपवतोय!"

एवढ्यात त्यांना खिडकीतून समोरच्या खांबावर चढलेला माणूस दिसला. "तारा तोडतोय!" म्हणत ते धावत बाहेर गेले आणि वीस मिनिटांनी धुळीनं माखून परत आले.

"कोण होता?"

"रस्त्यावरचा दिवा बदलणारा."

"मग इतका वेळ?"

"शिडी धरायला दुसरं कुणी नव्हतं," भावोजी म्हणाले.

पावणेचार झाले. मावशी टेप बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मला राहवेना. मी इंटरनेट कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "पिंग करून बघा."

पिंग म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला हाक मारायची आणि तो ओ देतो का ते बघायचं. पण आमची लाइन एकच. हाक मारायची तर फोन ठेवायचा आणि बाईंना सांगायचं तर इंटरनेट तोडायचं. असे तीन हेलपाटे झाल्यावर मी कळवलं, की चार हाकांपैकी एकीलाही ओ आलेली नाही.

"म्हणजे चारही पाकिटं हरवली," बाई म्हणाल्या. "जोडणी ठीक आहे. पाकिटं भलत्याच वाटेनं जात असतील. वाटा तपासा."

भावोजी माझ्या कानाजवळ कान आणून ऐकत होते. "चार पाकिटं? एका दुपारी?" त्यांचे डोळे चमकले. "पाकीटमार!"

"तसली पाकिटं नाहीत हो. पत्राचे तुकडे करून पाठवतात, त्या तुकड्यांना पाकिटं म्हणतात."

"तुकडे करतात?" भावोजींनी आवाज खाली आणला. "मग हा पाकीटमार नाही. खुनी आहे."

त्यांनी भिंग काढलं आणि वही उघडली. "मावशी, तुमच्या मुलाला कुणी शत्रू?"

"बोटीवरचे सगळेच," मावशी म्हणाल्या. "भाजीत मीठ कमी घालतो तो."

"सगळेच," भावोजींनी लिहून घेतलं आणि समाधानानं मान हलवली.

साडेचारला ताई आली. कागदांचे गठ्ठे खाली ठेवून तिनं माझं सगळं ऐकून घेतलं, इंटरनेट लावायला लावलं आणि म्हणाली, "आता पाठव बरं." मी पाठवलं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती कॉम्प्युटरच्या मागे वाकली होती.

"मोडेमचा दिवा गप्प आहे. मग या निळ्या वायरीच्या टोकाचा दिवा का लुकलुकतोय? कुणी लावली ही?"

निळी वायर आतल्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जात होती. भावोजी अचानक भिंग पुसू लागले.

"रविवारी मी लावली. दोन्ही कॉम्प्युटरना एकच प्रिंटर वापरता यावा म्हणून."

"आणि सेटिंगमध्ये काय भरलंत?"

"जिथे रिकामा चौकोन दिसला, तिथे आतल्या कॉम्प्युटरचा नंबर टाकला. रिकामी जागा मला संशयास्पद वाटते."

"अहो, त्यातला एक चौकोन बाहेर जायच्या वाटेचा होता!" ताईनं कपाळाला हात लावला. "पत्र फोनवरून बाहेर जायचं सोडून आतल्या खोलीत जातंय. आतल्याला त्याचं काय करायचं कळत नाही, म्हणून तो गिळून बसतोय. वाट लावलीत, तीही घरातल्या घरात!"

आणि तिनं वायर उपटली.

"म्हणजे खुनी—" मी सुरुवात केली.

"तपास चालू आहे," भावोजी म्हणाले.

मी पुन्हा इंटरनेट लावलं. पाचला दहा कमी होते. आमचं पत्र पाठवायच्या आधी टपालपेटी उघडली, तर मावशींच्या मुलाचाच नवा मेल. मी मोठ्यानं वाचला.

'आई, चार वाजले. शनिवारपासून उत्तर नाही. खरं बोलायला तुला कधी वेळ लागत नाही, म्हणजे तू खोटं लिहायला शब्द शोधत असणार. मी सही करणार नाही. महिनाअखेर घरी येतोय.'

भावोजींनी वही मिटली. मला वाटतं, त्यांना पहिल्यांदाच खरा गुप्तहेर भेटला होता.

"माझं पत्र गेलं का रे?" मावशींनी विचारलं.

"अजून नाही. पाठवू?"

"नको, नको!" त्यांनी वहीचं पान ओढून घेतलं आणि चुरगाळून मुठीत धरलं. "दुसरं लिही. म्हणावं, सगळे शर्ट घेऊन ये. एव्हाना बटणं तुटली असतील."

मी लिहिलं, पाठवलं, आणि ते एका क्षणात गेलं. पण भावोजींना राहवेना.

"मावशी, बटणं तुटली असतील हे तुम्ही कशावरून ताडलंत?"

"ताडायचंय काय त्यात?" मावशी डोळे पुसत हसल्या. "तो जाताना मीच सैल लावली होती."