गोपनीय माहितीची दवंडी

आमच्या रुग्णालयात रुग्णांची माहिती अत्यंत गोपनीय ठेवली जाते. त्यासाठी 'माहिती गळती पूर्वतयारी व प्रतिसाद समिती' नेमलेली असून मी तिचा सचिव आहे. समितीचा आराखडा नऊ पानी आहे. पैकी सहा पाने उद्घाटनाला कोण कुठे बसेल यात गेली. मग सर्व्हरला हार घालून नारळ फोडला. त्याचे पाणी यंत्रावर उडू दिले नाही. पूर्वतयारीतली तेवढी एकच गोष्ट यशस्वी झाली.

पंधराव्या दिवशी कुण्या लांबच्या चोराने आमच्या संगणकातून अकराशे रुग्णांच्या नोंदी उचलल्या. उचलल्या आणि गप्प बसला. सोलापुरात त्याने कुणापाशी अवाक्षर काढले नाही. गोपनीयतेच्या बाबतीत तो आमच्यापेक्षा शिस्तीचा निघाला, हे मान्य करावे लागेल.

पण नियमाप्रमाणे प्रत्येक बाधित रुग्णाला कळवणे आले. पत्रे धाडली, ती 'मारुतीजवळ, सोलापूर' अशा पत्त्यांवरून परत आली. फोन केले, तर 'तुमची माहिती चोरीला गेली आहे' एवढे ऐकताच लोक आम्हालाच चोर समजून फोन ठेवू लागले. शेवटी समितीचे अध्यक्ष डॉ. चन्नवीर म्हणाले, "नळाला पाणी कधी येणार ते गल्लीला कसं कळतं? रिक्षा फिरवूनच ना?" ठराव एकमताने मंजूर झाला.

लालसाबच्या रिक्षावर स्पीकर बांधून यादी त्याच्या हाती दिली. अर्ध्या तासात तो भवानी पेठेतून परत आला.

"सायेब, तितं तीन पार्वतम्मा हायेत. तिघीबी दारात येऊन उभ्या ऱ्हायल्या. कंची म्हणू?"

प्रश्न रास्त होता. ओळख अचूक पटावी म्हणून प्रत्येक नावापुढे आजार आणि उपचाराचे वर्ष जोडायचे ठरले. कुणी माहितीपासून वंचित राहू नये म्हणून सगळे आधी मराठीत, मग कन्नडमध्ये पुकारायचे ठरले. लालसाबचा आवाज खणखणीत आहे. काम चोख झाले.

दुसऱ्या दिवशी टीबीची पार्वतम्मा समितीपुढे हजर झाली. ही बाई घरी कडक भाकरी करून विकते आणि त्यावरच तिचे घर चालते. दोन वर्षांपूर्वी तिने चूल बंद ठेवली, 'लेकीकडं मैंदर्गीला जाते' असे शेजारी सांगितले आणि सहा महिने गोळ्या घेऊन ठणठणीत बरी झाली. हे फक्त तिला, लेकीला आणि आमच्या संगणकाला ठाऊक होते.

"चोरानं कुणाला सांगितलं न्हाय की," ती म्हणाली. "तुमी का सांगितलं?"

"बाधिताला कळवणं बंधनकारक आहे, बाई," अध्यक्ष म्हणाले.

"मला कळवायचं हुतं, का गल्लीला? सकाळपास्नं एक गिऱ्हाईक दारात न्हाय. हाटेलवाला म्हनतोय, आत्ता नको, मागनं सांगतो."

मला फार वाईट वाटले. इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही, म्हणून इथे लिहितो.

समितीने मात्र तातडीने दखल घेतली. 'सदर पार्वतम्मा टीबीतून पूर्ण बऱ्या झाल्या असून त्यांच्या भाकरीपासून कोणताही धोका नाही,' असा खुलासा काढला.

"नका वो फिरवू रिक्षा," पार्वतम्मा हात जोडून म्हणाली. "लोक इसरतील हळूहळू."

परंतु खुलासा हा रुग्णाचा हक्क असल्याने तिच्या विनंतीचा विचार करता आला नाही. पहिल्या दिवशी भवानी पेठेलाच कळले होते. खुलासा सगळ्या शहरात फिरला आणि ज्यांना पार्वतम्मा कोण हे ठाऊक नव्हते, त्यांनाही तिच्या भाकरीत धोका नसल्याचे समजले. हॉटेलवाल्याचा निरोप अजून आलेला नाही.

परवा ती मला फाटकापाशी भेटली. मी सात वर्षांपासूनचे तिचे गिऱ्हाईक.

"सायेब, तुमी तर कागद वाचलाय. मी बरी हाय हे तुमाला पक्कं ठावं. वीस भाकरी देऊ?"

"घरी विचारून सांगतो," मी म्हणालो.

ती टोपली उचलून गेली.

तुम्हाला माझा राग आला असेल, आणि तो यायलाच हवा. तिच्या टोपलीत वीस भाकरी तशाच आहेत, आणि ती बरी झाल्याचा कागद आता तुम्हीही वाचला आहे. पाठवू तुमच्याकडे?