सुलभाताईंचा शेवटचा नंबर

सुलभाताई गिऱ्हाइकाचा फोन उभ्याने घेतात. खुर्ची मागे सरकवायची, खांद्यावरची शाल सारखी करायची आणि मगच "हॅलो" म्हणायचं. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "अरे, माणूस दारात आलाय. बसून बोलू?"

न्युरेम्बर्गच्या आमच्या कंपनीत घरं तापवायचे बॉयलर बनतात. ते बंद पडले की लोक आमच्या विभागाला फोन करतात. ताई तिथे सत्तावीस वर्षं आहेत. माहेर साताऱ्याचं, नवरा जर्मन. त्यामुळे बोलणं निम्मं "आल्झो" आणि निम्मं "काय रे बाबा". बॉयलरचा आजार त्या फोनवर नुसत्या आवाजावरून ओळखतात. "जरा फोन त्याच्या पोटाशी धरा," म्हणतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "पंप गेलाय." मी दोनदा खातरजमा केली. दोन्ही वेळा पंपच गेला होता. मग खातरजमा सोडली आणि नुसता बघत राहायला लागलो. त्यांचा एकेक फोन चाळीस मिनिटं चालतो, कारण दुरुस्तीवाला येईपर्यंत आजीबाईंनी कुठल्या खोलीत बसायचं आणि कुठले मोजे घालायचे, हेही त्यातच ठरतं.

मी पुण्याहून बायकोसह नवा आलेला सॉफ्टवेअरवाला, प्रोबेत्साइटवर, म्हणजे सहा महिन्यांच्या परीक्षाकाळात. साहेबांनी पहिलंच काम दिलं: फोन संपला की गिऱ्हाइकाकडून समाधानाचे गुण घ्यायचे आणि कोण किती पाण्यात आहे ते भिंतीवरच्या पडद्यावर दाखवायचं. मी हौसेने केलं. "एक ते पाच गुण द्या," एवढाच सुटसुटीत प्रश्न. साहेबांना आकडे वाचायची दगदग नको म्हणून पडद्यावर फक्त नावं. जास्त गुणवाले वर हिरवे, कमीवाले खाली लाल.

पहिल्याच महिन्यात सगळ्यात वर आला मार्कुस, जो गिऱ्हाइकांवर खेकसतो. तळाला, लालभडक, सुलभाताई. शहाणपणा शिकवायची संधी मी सहसा सोडत नाही. म्हणालो, "ताई, फोन जरा आटोपते घ्या. लोक कंटाळत असतील."

ताईंनी शाल सारखी केली. "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, एवढंच म्हणाल्या.

पुढच्या महिन्यात साहेबांनी शेवटच्या नंबराचा पगार कापला.

ताईंनी आवाज चढवला नाही. कामगारांनी निवडलेली समिती असते, बेट्रीब्सराट. तिच्यातल्या एका बाईंना घेऊन त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. पडदा माझा म्हणून मलाही बोलावणं आलं. ताईंनी करार टेबलावर ठेवला. "यात लिहिलंय, मी माझ्या परीने नीट काम करीन. गिऱ्हाईक खूश होईलच, असं वचन मी कुठे दिलंय ते दाखवा. गुणांवर बोनस ठरला असता तर गोष्ट वेगळी. ठरलेला पगार गुण बघून कापता येत नाही."

साहेबांनी करार पुढून-मागून पाहिला. समितीच्या बाईंनी ताईंच्या बाजूने मान डोलावली.

"आणि हे तुमचे गुण?" साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवलं.

"ते राहू देत," ताई म्हणाल्या.

कापलेला पगार परत आला. मी थक्क झालो. एवढी लढाई जिंकलेली ही बाई रोज सकाळी स्वतःचं नाव तळाला, लाल रंगात बघत शांतपणे कॉफी प्यायची. मार्कुस येताजाता दात काढायचा. तिचा चेहरा ढिम्म.

यथावकाश माझे सहा महिने संपले. त्या दिवशी ताई माझ्या टेबलाशी आल्या.

"नोकरी पक्की? कागद हातात आला?"

"आला."

"आल्झो, मग आता तुझा तो तक्ता उलटा कर."

"उलटा?"

"इथे शाळेत एक म्हणजे उत्तम आणि पाच म्हणजे नापास, बाळा. माणूस शाळेत शिकला तसेच गुण देणार ना? माझ्या आजीबाया परत फोन करून सांगायच्या, तुला एक दिलाय हो!"

माझे कान तापले. इतके महिने मी नापासांना हिरवं रंगवत होतो, आणि वर या बाईला फोन कसा घ्यावा ते शिकवत होतो.

"म्हणजे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग साहेबांना एका वाक्यात सांगायचं की! तो करार, ती समिती, कशाला एवढं?"

"परीक्षाकाळात कारण न सांगता काढतात रे. तू तर कारण रंगवून भिंतीवर लावलं होतंस. त्यात तुझी बायको पोटुशी." त्यांनी चष्मा काढून शालीच्या टोकाला पुसला. "मी जर्मनीत नवी होते तेव्हा माझ्याही हातून असंच काहीसं झालं होतं. पहिली नोकरी, दुसऱ्या कंपनीत. पाचवा महिना."

"मग?"

"तेव्हा कुणी गप्प बसलं नाही."