नानांचं एक खोटं मत

मे महिन्यात रावेरमध्ये कूलर माणसांसाठी असतो. नानांच्या घरी तो सर्व्हरसाठी आहे. आतल्या खोलीत सर्व्हर गार वाऱ्यात बसलेला, आणि टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले नाना बाहेर ओट्यावर, डोक्यावर ओला पंचा घेऊन. "मी बंद पडलो तं चालीन, तो पडाले नको," असं ते शांतपणे सांगतात.

हा सर्व्हर म्हणजे केळीवाल्यांची चावडी. शेतकरी त्यावर लिहितात, आवडलं तर इतर मत देतात, जास्त मतांचं वर सरकतं. असाच एक सर्व्हर बोदवडला आहे, एक धुळ्याला. तिन्ही एकमेकांना जोडलेले, वर मालक कुणी नाही. इथलं तिथे दिसतं, तिथलं इथे. वीज जाणार असली की नाना सभासदांना एकेक करून फोन करतात, की अर्धा तास सर्व्हर नसेल, काळजी नको. लग्नाचं आमंत्रण द्यायलाही लोक एवढे फोन करत नाहीत.

मतांच्या बाबतीत मात्र माणूस कडक. "तोंड पाह्यल्याशिवाय खातं नाही बा." नवा सभासद आला की नाना स्कूटरवरून त्याच्या मळ्यात जाऊन खात्री करून येतात. मी शेजारी, शाळामास्तर; माझं तोंड वीस वर्षं पाहूनही त्यांनी आधार कार्ड मागितलं. स्वतः ते कुणालाच मत देत नाहीत. सर्व्हर आपल्या हातात, मग पंचानं खेळायचं कसं, हे त्यांचं म्हणणं. मागे धुळ्याच्या सर्व्हरवर एका खतवाल्याने चाळीस खोटी खाती काढून आपली भुकटी वर चढवली. सगळी मतं एकाच मिनिटात पडलेली. नानांनीच ती पकडली, आणि नियम करून घेतला: खोटं मत ज्याच्याकडे निघेल, त्याची जोडणी महिनाभर तोडायची.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर धुळ्याच्या सर्व्हरवाल्या बाईंचा निरोप आला. रावेरच्या 'वाटसरू' नावाच्या खात्यावरून रोज सकाळी मतं पडतात, तीही फक्त ज्यांना एकही मत नाही त्यांना. हा माणूस कोण, ते कळवा. सभासदांची यादी मी सांभाळतो. यादीत वाटसरू नव्हता.

"मीच तो," नाना म्हणाले. मला हसू आलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून विरलं. सर्व्हर सुरू केला तेव्हा आठ महिने त्यावर ते एकटेच होते. रोज लिहायचे, रोज शून्य. "शून्य पाहून माणूस लिहाचं सोडतो, मास्तर. मी सोडणारच होतो." साक्रीकडचे एक आबा धुळ्याच्या सर्व्हरवर रोज दोन ओळी लिहितात, डोंगरावर ढग किती आहेत एवढंच. त्यांना कधी कुणी मत देत नाही. वाटसरू त्यांच्यासाठीच निघाला होता.

मी म्हटलं, वाटसरू म्हणून यादीत माझ्या पुतण्याचं नाव घालू, प्रकरण मिटेल. त्यावर नाना आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. त्याच दुपारी त्यांनी ते खातं पुसलं, आपल्या नावानिशी कबुली लिहिली, खाली फोन नंबर दिला, आणि बाई नको नको म्हणत असताना रावेरची जोडणी तोडायला लावली. म्हणजे आता आबांचे ढगही रावेरला दिसणार नव्हते. नियमापायी स्वतःचंच एवढं नुकसान करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नानांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. साक्रीचे आबा होते.

"नाना, मन्हं लिखेल कोनीतरी रोज वाचस, हाई माले माहीत व्हतं. ते तुम्हीच शेतस ना?"

"मीच. रोज वाचतो."

"मंग ते मत खोटं कसं?"

आबांनी उत्तराची वाटही पाहिली नाही. जोडणी तुटली आहे तर आजचं फोनवरच घ्या म्हणाले, आणि डोंगरावर ढग किती ते सांगू लागले.

महिना संपला, जोडणी केव्हाच परत सुरू झाली. फोन मात्र अजून येतो, आणि नाना त्याआधी आंघोळ उरकून फोनपाशी बसलेले असतात.