मातुश्रींचे तसबिरीस सफेदा लागला त्याची हकीकत

श्रीविश्वकर्मा प्रसन्न. दिसते तेच लिहावयाची बुद्धी होवो, आणि न दिसले ते लिहील त्याचा हात लुळा पडो. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजित नाम संवत्सर, ते साली एका राज्यात (राज्याचे नाव लिहीत नाही, लिहिले तर लिहिणाराची बोटे जातील) थोरल्या मातुश्री सगुणाबाईसाहेब कैलासवासी होऊन वर्ष जाहले. बाईंची थोरवी किती म्हणून लिहावी? हल्लीचे श्रीमंत, म्हणजे बाईंचे चिरंजीव, पाच वर्षांचे असता त्यांचे तीर्थरूप लढाईत पडले, मग बाईंनी पोर मांडीवर घेऊन सोळा वर्षे राज्य चालविले, आणि घोड्यावर बसून किल्ले पाहिले, आणि दुष्काळात कोठारे उघडिली, आणि फितूर सरदारांस समोर बसवून ऐसे बोलिल्या की ते घाम पुसत घरी गेले. बाई रंगाने काळ्या. सावळ्या नव्हेत, निमगोऱ्या नव्हेत, काळ्या. हे मुलखास ठाऊक, शत्रूस ठाऊक, आणि बाईंस तर होतेच होते. हयातीत त्यांनी तसबीर काढू दिली नाही, चितारी पुढे आला की म्हणत, "बसायला सवड कोणास आहे?" त्यामुळे चेहरा काय तो लोकांचे ध्यानात उरला.

मग श्रीमंतांचे मनात आले की गादीमागे मातुश्रींची तसबीर असावी, आणि चित्रशाळेचे मुख्य भिवजी चितारी यांस आज्ञा जाहली. भिवजी तीस वर्षांचा मुरलेला कारागीर, आणि तोंडाचा तिखट. आम्ही त्याच चित्रशाळेचे दफ्तरी लिहिणार, कोपऱ्यात बसून असू, म्हणोन डोळां देखिले ते लिहितो. तेथील रिवाज ऐसा की सकाळी स्नान करून उत्तरेची खिडकी उघडावी, शिंपल्यांत रंग कालवावे, पहिला सफेदा, म्हणजे पांढरा, मग बाकीचे; आणि खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला भिजवून डाव्या अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढून रंग पाहावा, मगच कागदास हात लावावा. इतके होते न होते तोच आपली तसबीर काढवून घेणारी माणसे येत. कोणी म्हणे मिशी वर न्या, कोणी म्हणे पोट आत घ्या, आणि एक सरदार, ज्यांनी उभ्या जन्मात तरवार म्यानाबाहेर काढिली नाही, ते म्हणाले आमचे कपाळावर जखमेची खूण दाखवा. भिवजी मान डोलावी, आणि ते गेले की शिव्या देई, त्या येथे लिहिण्याजोग्या नाहीत. लिहिणारास मात्र त्या सर्व रास्त वाटत.

तसबिरीचे काम निघाले हे ऐकून विसाजीपंत दिवाण जातीने आले, रंगांच्या शिंपल्यांकडे नाक मुरडून पाहते जाहले, आणि बोलिले, "भिवजी, मातुश्रींचा वर्ण जरा उजळ घ्या. परमुलखाचे वकील दरबारी येतात. शोभले पाहिजे." भिवजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठून उभा राहिला आणि बोलिला, "पंत, बाईसाहेबांनी राज्य राखिले तेव्हा त्यांस कोणी म्हणाले काय, की आधी जरा उजळ व्हा आणि मग राखा? जशा होत्या तशा काढीन. पटत नसेल तर हे दोन्ही हात सरकारात जमा करून घ्या." पंत तोंड आंबट करून गेले. मग ही गोष्ट गावभर जाहली, आणि लोक म्हणू लागले की वाहवा, एक तरी माणूस निघाला. आणि भिवजीही चार दिवस येईल त्याला पंतांचे तोंड कैसे जाहले हे करून दाखवी. आम्हांसही मोठा अभिमान वाटला. आज आठवते तेव्हा शरम वाटते.

आता तसबीर काढावी तर समोर कोण बसवावे? मातुश्रींची धाकटी बहीण ठकूबाई माहेरच्या गावी राहत होत्या; नाक, डोळे, हनुवटी, रंग, सर्व थोरलीचेच. त्यांस गाडी पाठवून आणिले. म्हातारी खिडकीपाशी पाटावर बसली आणि म्हणाली, "माझी बाई गेली तवा नदीला पूर हुता. पाच दिस काठाला बसून राहिले, होडी सुटली न्हाई. तिचं तोंड शेवटचं बघायचं राहिलं. तू काढ, मी बघीन. मग मरायला मोकळी." भिवजीने हात जोडून सांगितले, "मावशीसाहेब, पुरी झाल्यावाचून पाहू नये." म्हातारीने बरे म्हटले, आणि आठ दिवस बसली, पाय अवघडले तरी हलली नाही.

नवव्या दिवशी भिवजीने तसबीर भिंतीस टेकून उभी केली आणि बाजूस जाहला. ठकूबाई जवळ गेल्या, मग मागे सरल्या, मग पुन्हा जवळ गेल्या, आणि बोलिल्या, "ही कोन रं बाबा?"

भिवजी हसून म्हणाला, "मावशीसाहेब, आपल्या भगिनी."

"नाक आमचं. डोळं आमचं. कातडं कुनाचं आनलंस?" ऐसे म्हणोन म्हातारीने आपला हात उचलून तसबिरीच्या गालाशेजारी धरिला. काळा हात आणि गव्हाळ, जवळजवळ गोरा गाल. "आठ दिस मी हितं बसले. तू माझ्याकडं टक लावून बघत हुतास. मग बघत कुनाला हुतास?"

भिवजी म्हणू लागला की उजेडाचा फरक असेल, आणि मधेच थांबला. त्याने आपला डावा अंगठा पाहिला; नखावर सफेदा, कडेला सफेदा, कातडीत तीस वर्षांचा मुरलेला सफेदा. हे हुकुमावरून जाहले नव्हते. हुकूम तर त्याने लाथाडिला होता, चार गावांत मिरविला होता, आणि हाताने मात्र पंतांचेच काम गुपचूप करून ठेविले होते. मग तो दरबारच्या महालात गेला, आम्ही मागोमाग. आणि भिंतीवरच्या आपण काढिलेल्या तसबिरी एक एक पाहत चालला. काळेभोर सुभेदार गुलाबी, सावळे फडणीस गुलाबी, उन्हात रापलेला किल्लेदार दुधात न्हालेला. भिवजी शेवटी भिंतीस टेकून खाली बसला आणि बोलिला, "घरी माझ्या आईची तसबीर आहे, मीच काढलेली. ती गेल्यापासून रोज तिला नमस्कार करतो. माझी आई कोळशासारखी होती हो. मग मी नमस्कार कोणाला करतो?" आठ दिवस आम्ही दोन हातांवर बसून म्हातारीस पाहत होतो आणि तसबिरीसही पाहत होतो, आणि आम्हांस दोहोंत फरक दिसला नाही. काय डोळे फुटले होते? राग पंतांचा यावा की आपला, हे अद्याप ठरत नाही.

मग भिवजीने ती तसबीर तोंड भिंतीकडे करून ठेविली आणि दुसरा कागद घेतला. काळ्या वर्णास लागणारी तांबूस मातीची काव भांड्यात वाळून दगड जाहली होती, कारण वर्षानुवर्षे लागतच नसे. ती फोडिली, कुटली, डिंकात कालविली. सफेद्याचा शिंपला खोलीबाहेर ठेवविला, तरी दिवसातून दहा वेळा हात सवयीने तिकडे जाई आणि रिकाम्या जागी कुंचला टेकी, आणि भिवजी स्वतःसच शिवी देई. अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी ठकूबाईंनी पाहिले. जवळ गेल्या, आणि तसबिरीवरच रागे भरल्या, "किती दिसांनी आलीस गं बये!" आणि पदर तोंडाला लावून रडल्या. आम्हीही रडलो, यात लपविण्यासारखे काही नाही.

पुढे सुमुहूर्तावर दरबार भरला. वकील, सरदार, मानकरी बसले, आणि पडदा दूर जाहला. श्रीमंत गादीवरून ताडकन उठले आणि "आई" ऐसे म्हणाले, सर्वांनी ऐकिले. डोळ्यांस पाणी आले तेही सर्वांनी पाहिले. मग पंत खाकरले आणि बोलिले, "कारागिरी उत्तम. परंतु वकील मंडळी…" श्रीमंतांनी वकिलांकडे पाहिले, सरदारांकडे पाहिले, आणि हळूच खाली बसले. म्हणाले, "ही खाजगीत राहू द्या. दरबारास दुसरी, जरा…" वाक्य पुरे करण्याची गरज पडली नाही, सभा समजली. सोळा वर्षे जिने मांडीवर राज्य वाढविले तिच्याविषयी पोराचे तोंडून निघाला शब्द तो काय, तर 'जरा'!

ठकूबाई उठल्या आणि भर दरबारात बोलिल्या, "लेकरा, तिनं तुला घास भरवलं ते ह्याच रंगाच्या हातानं. तवा कदी थुकला न्हाईस." श्रीमंतांनी मान खाली घातली. "खाजगीत म्हंजी अडगळीत. त्यापरीस मी नेते तिला घरी." आणि म्हातारीने भिवजीस हाक मारून तसबीर उतरविली, घोंगडीत गुंडाळिली, आणि निघाली. कोणाची आडवे येण्याची छाती जाहली नाही. भिवजी अनवाणी गाडीपर्यंत पोचवावयास गेला. तो परत येतो तो पंत दाराशी उभे, आणि त्यांची माणसे चित्रशाळेतून पहिली तसबीर काढून नेत होती. भिवजी आडवा पडला, म्हणाला, "पंत, ती खोटी आहे, मला फाडू द्या." पंत म्हणाले, "कागद सरकारी, काम तुमचे, आणि वर्ण आम्ही सांगितला तैसाच. रुसवा कशाचा?" आणि माणसे तसबीर घेऊन चालती जाहली.

येणेप्रमाणे जाहले वर्तमान लिहिले. सांप्रत गादीमागे एक गोरी बाई आहे, खाली नाव सगुणाबाईसाहेब, कोपऱ्यात भिवजीची निशाणी, आणि येणारा जाणारा तिला लवून मुजरा करतो. तिने राज्य राखिले नाही, कोठारे उघडिली नाहीत, पोर वाढविले नाही. ज्यांनी हे सर्व केले त्या मातुश्री बहिणीचे घरी, चुलीशेजारच्या भिंतीवर आहेत.