अर्ध्यावरचा काटा

नुसता दिवा बदलून भागलं असतं. गाडीच्या स्टिअरिंगमागे वेगाचा, इंजिनाचा आणि पेट्रोलचा असे सगळे काटे ज्या मीटरमध्ये असतात, त्यातला एक दिवा गेला होता. पण नवऱ्याने आत वाकून पाहिलं, काचेवर करंगळीने टकटक केली आणि जाहीर केलं, "दिवा कशाला, अख्खं मीटरच बदलून टाकतो."

त्याची बायको शेजारी उभी राहून बघत होती. लग्न होऊन या घरात आल्याला फार दिवस झाले नव्हते, आणि नव्या माणसाने सुरुवातीला डोळे उघडे आणि तोंड बंद ठेवावं, असं तिचं मत होतं. (डोळे उघडे ठेवल्यामुळे तिला एवढं समजलं होतं की, नवऱ्याने दुरुस्त केल्यापासून बाथरूममधल्या गरम नळाला गार पाणी येतं आणि गार नळाला काहीच येत नाही.)

गाडी सासऱ्यांची. लाल, बुटकी, दोन दारांची आणि दोनच माणसांची स्पोर्ट्स कार. सासऱ्यांनी तरुणपणी आधी हौस केली आणि मग संसार केला. त्यामुळे संसार वाढत गेला तरी गाडी दोघांचीच राहिली. त्यातली एक जागा कायम सासऱ्यांची. दुसरीवर कधी सासूबाई, कधी नवरा. नवरा चालवायला बसला तरी शेजारी सासरे असायचेच, आणि त्यांचा पाय सतत तिथे नसलेल्या ब्रेकवर. सुनेने ती गाडी आजवर फक्त मागून पाहिली होती, फाटकाबाहेर पडताना.

"मीटर बसवून नीट चालवून दाखवलं, तर रविवारी गाडी आम्हाला द्याल?" नवऱ्याने वडिलांना विचारलं. "आम्ही दोघंच तळ्यापर्यंत जाऊन येऊ."

'आम्ही दोघंच' हे शब्द ऐकल्यावर तिला आयुष्यात पहिल्यांदा मोटारीच्या मीटरमध्ये रस वाटू लागला. लग्नापासून त्यांना एकांत असा मिळालाच नव्हता. खोलीला दार होतं, दाराला कडीही होती. पण ती कडी नवऱ्याने दुरुस्त केलेली होती.

सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगितलं, "सगळे काटे खरं बोलले तर किल्ली तुझी."

नवऱ्याने भंगारवाल्याकडून त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीचं मीटर आणलं. बसवलंही. वेगाचा काटा उठला, इंजिनाचा उठला, दिवे तर असे लागले की गाडीत लग्न आहे असं वाटावं. पेट्रोलचा काटा मात्र तळाशी पडून राहिला. भंगारवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, ते मीटर दुसऱ्या टाकीपाशी नांदून आलंय. तुमच्या टाकीची रीत त्याला शिकवायला लागणार. टाकी रिकामी करा, काटा शून्यावर आणा. मग मोजून अर्धी भरा, काटा अर्ध्यावर आणा. मागे स्क्रू आहे बघा, तो हळूहळू फिरवायचा."

दुसऱ्या घरातून आलेल्या त्या मीटरबद्दल तिला एकदम आपुलकी वाटली.

शनिवारची दुपार शिकवणीत गेली. टाकीत होतं ते पेट्रोल नवऱ्याने नळी तोंडाने ओढून बाहेर काढलं. त्यातलं घोटभर त्याच्या तोंडात गेलं, थोडं शर्टावर आलं आणि वास मात्र घरभर झाला. ती टॉर्च धरून उभी होती. रिकाम्या टाकीवर काटा शून्याला आणला. मग पाण्याची बाटली कापून तिचं नरसाळं केलं आणि पाच-पाच लिटरचा कॅन चारदा ओतला. टाकी चाळीस लिटरची. स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे, थोडा पुन्हा इकडे, आणि काटा बरोबर अर्ध्याच्या रेघेवर येऊन थांबला. नवऱ्याने सगळ्यांना हाका मारल्या.

सासूबाई हात पुसत आल्या. "छान दिसतोय हो काटा," त्या म्हणाल्या.

सासरे चष्मा लावून वाकले. "वीस आहे?"

"मोजून वीस."

"हं," सासरे म्हणाले. त्यांच्या एका 'हं'मध्ये नळ, कडी आणि पूर्वीची बरीच कामं मावत. "सकाळी एकदा बघतो. मग घेऊन जा."

इथे त्या घराची एक रीत सांगायला हवी. त्या घरात कोणी कोणाला 'तुझं चुकलं' असं म्हणत नसे. जो तो ती चूक आपापल्या परीने, गुपचूप भरून काढी. भिंतीवरचं घड्याळ पुढे होतं. ते कोणी मागे केलं नाही, सगळे मनातल्या मनात वजाबाकी करत. सासूबाई भाजीत मीठ कमी घालत, कारण सासरे वरून घेतात. सासरे वरून घेत, कारण सासूबाई कमी घालतात. यावर त्यांच्यात कधी चर्चा झालेली नव्हती. सुखी घर होतं.

संध्याकाळी ती विचार करत बसली. काटा अर्ध्यावर होता, मान्य. पण तो तिथे नेणारा हात कोणाचा होता? तिच्या डोळ्यांसमोर तळ्याकाठचा निर्मनुष्य रस्ता आला, बंद पडलेली लाल गाडी आली आणि ती ढकलणारी ती स्वतः आली. (स्टिअरिंग धरायला नवरा आत बसला होता.) मग सासऱ्यांना फोन, मग सासऱ्यांचा 'हं', आणि मग किल्ली जन्मात मिळणार नाही. एकांत मिळायचा तर टाकीत पेट्रोल हवं, इतका सरळ हिशोब होता. नवऱ्याला सांगावं, तर त्याचं तोंड पडणार. दुपारभर तो त्या काट्याकडे बाप बाळाकडे बघतो तसा बघत होता.

"साबण संपलाय, आणते," असं सांगून ती बाहेर पडली आणि कोपऱ्यावरच्या पंपावरून पिशवीत झाकून पाच लिटरचा कॅन घेऊन आली. स्वयंपाकघरातलं तेलाचं नरसाळं तिने हळूच उचललं. ते ओलं होतं आणि त्यालाही पेट्रोलचा वास येत होता, पण वास तर त्या दिवशी उशांनासुद्धा येत होता. गॅरेजमध्ये कोणी नाही असं बघून तिने कॅन टाकीत रिकामा केला. पाच लिटरने काटा हलून हलून किती हलणार? कोणाच्या लक्षातही यायचं नाही. नरसाळं धुऊन जागेवर ठेवलं आणि आपण आज एका माणसाची अब्रू वाचवली, अशा समाधानात ती झोपली.

सकाळी चौघं गॅरेजमध्ये जमले. तिने जाण्याचे कपडे घातले होते, डबा भरून घेतला होता. सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली, बसले, फिरवली.

काटा उठला. अर्ध्यापाशी आला. तिथे थांबेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो पुढे निघाला, पाऊण ओलांडून थेट 'पूर्ण'च्या रेघेवर जाऊन बसला.

"चिरंजीव," सासरे म्हणाले, "काल अर्धी होती ना?"

"होती."

"मग रात्रीतून पेट्रोलला पिल्लं झाली की काय?"

नवऱ्याचा चेहरा उतरला. "स्क्रू सरकला असेल," तो पुटपुटला आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला लागला. सासऱ्यांनी गाडी बंद करून किल्ली खिशात घातली.

"जाऊ दे रे राजा," सासूबाई म्हणाल्या. "तळं काय पळून जातंय? पुढच्या रविवारी जा." एवढं बोलून त्या गॅरेजच्या छताकडे बघू लागल्या. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

तिने मनात हिशोब केला. आपले पाच धरले तर काटा अर्ध्याच्या जरासा वर हवा. तो गेलाय पार टोकाला. म्हणजे बाकीची चूक याचीच. आता आपल्या पाच लिटरचं सांगून तरी काय उपयोग? त्याची चूक तेवढीच राहणार, वर आपला अविश्वास उघडा पडणार. गप्प बसावं हेच बरं.

नवरा मीटरचा पहिला स्क्रू काढायला लागला. तेवढ्यात तिची नजर फळीवर गेली. तिथे कापलेली बाटली होती. नवऱ्याने काल पेट्रोल ओतलं ते त्या बाटलीने. मग स्वयंपाकघरातल्या नरसाळ्याला, तिने हात लावायच्या आधीच, वास कसा लागला होता? उशांना येत होता तो नुसता वास. नरसाळं तर चक्क ओलं होतं.

तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई अजून छतच बघत होत्या.

"अहो, थांब," ती म्हणाली. (खोलीत ती त्याला 'अरे' म्हणायची आणि खोलीबाहेर 'अहो'. घाईत दोन्ही एकदम निघालं.) "उघडू नकोस. काल संध्याकाळी मी त्यात पाच लिटर टाकलंय."

नवरा वळला. "का?"

"कमी पडलं तर, म्हणून."

"वीस लिटर होतं त्यात. तळं काय परदेशात आहे?"

ती फळीवरच्या बाटलीकडे बघू लागली. तो जे समजायचं ते समजला. स्क्रूड्रायव्हर हातात धरून तो नुसता उभा राहिला.

"तिला कशाला बोलतोस?" सासूबाई छतावरून खाली आल्या. "मी पण टाकलंय. पाच."

"आई?"

"वॉशिंग मशीनच्या मागे माझा एक कॅन असतो. या गाडीत तुझ्या बाबांबरोबर मी रस्त्याच्या कडेला पुष्कळ बसलेय. आता वय राहिलं नाही."

"मशीनच्या मागे पेट्रोल?" सासरे म्हणाले. "आग लागली म्हणजे?"

"आणि तुमचा कॅन जिन्याखाली असतो, तो काय सरबताचा?"

(घरात पेट्रोल साठवू नये, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच सगळ्यांनी ते लपवून ठेवलं होतं.)

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तो आता रिकामा आहे," ते म्हणाले.

नवऱ्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. आपल्यावर घरातल्या कोणाचाच विश्वास नाही, यापेक्षा आपला काटा कदाचित बरोबर आहे, ही बातमी त्याला मोठी वाटली. तो बोटांवर मोजू लागला. "वीस. हिचे पाच, पंचवीस. आईचे, तीस. बाबांचे, पस्तीस."

"आणि काटा दाखवतोय चाळीस," सासरे म्हणाले. "म्हणजे पाचाचा फरक. ठीक आहे रे. तुझ्या मानाने हे जवळजवळ बरोबर आहे." आणि त्यांनी खिशातून किल्ली काढून पुढे केली.

तिने डब्याची पिशवी उचलली. नवऱ्याने मात्र हात पुढे केला नाही. तो किल्लीकडे बघत होता, मग काट्याकडे, मग पुन्हा किल्लीकडे. त्याचे कान लाल होत चालले होते. काट्याची अब्रू राखायची तर स्वतःची घालवावी लागणार होती, आणि तो मनात त्याचं वजन करत होता.

"फरक नाहीये," तो शेवटी म्हणाला.

"म्हणजे?"

"काटा बरोबर आहे. अगदी बरोबर. आज सकाळी तुम्ही सगळे उठायच्या आधी मी पण पाच लिटर टाकलं."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, निदान तुझा तरी विश्वास हवा होता."

"नळ मीच दुरुस्त केला होता ना," नवरा म्हणाला.

या वेळी सासरे 'हं' म्हणाले नाहीत. किल्ली मुलाच्या तळहातावर ठेवून म्हणाले, "ही काट्याच्या नावाने देतोय. तुझ्या नाही. घे."

गाडी फाटकाबाहेर पडली. तिने पहिल्यांदा ती आतून पाहिली. सीट खोल होती, समोरचा लांब लाल पत्रा उन्हात चमकत होता आणि मागे सासू-सासरे लहान लहान होत गेले. नवरा दर थोड्या वेळाने काट्याकडे बघून हसत होता. काटा 'पूर्ण'वर ठाम होता. या घरात काहीच बरोबर दाखवत नाही, असं आपण मनात धरून बसलो, याची तिला थोडी लाज वाटली. आजपासून संशय बंद, असं तिने ठरवलं. जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा.

गावाबाहेर पडायच्या आधीचा शेवटचा पंप आला.

तिने पंपाकडे पाहिलं. काट्याकडे पाहिलं. पुढच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहिलं.

"पुढे पंप नाहीये म्हणतात," ती म्हणाली. "एक पाच लिटर टाकून घ्यायचं का?"

नवऱ्याने इंडिकेटर आधीच लावला होता.

पंपावरच्या माणसाने टाकीचं झाकण उघडलं, नळी आत घातली आणि ती लगेच खटकन बंद झाली. त्याने वाकून आत पाहिलं, मग खिडकीशी येऊन त्या दोघांकडे पाहिलं.

"टाकी तर काठोकाठ भरलीय, ताई," तो म्हणाला. "काटा बिघडलाय का तुमचा?"