तलअत खानमच्या हलव्याची किंमत

तीस वर्षं काशानच्या नोंदणी कार्यालयात मृत्यूच्या टेबलावर बसून नेमतुल्लाने शहरातल्या यच्चयावत मेलेल्यांची नावं वळणदार अक्षरात लिहिली, आणि निवृत्तीनंतर बायकोच्या धंद्यासाठी ऑनलाइन दुकान निवडण्याचं काम अंगावर घेतलं. पहिलं काम त्याला नीट जमलं होतं, कारण त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं.

धंदा तलअत खानमचा. मयताचा हलवा. खरपूस भाजलेलं पीठ, साखर, केशर, गुलाबपाणी आणि वर पिस्त्याचे काप. शहरात कुणी गेलं की तिसऱ्या, सातव्या आणि चाळिसाव्या दिवशी तिच्याच हलव्याची ताटं फिरायची. पण अलीकडे बाप काशानमध्ये मरायचे आणि मुलं तेहरानमध्ये बसून फोनवरून कारखान्याचा डबाबंद हलवा मागवायची. तलअतच्या दोन कढयांपैकी एक वर्षभर उपडी पडून होती. मशिदीची समिती यंदा मोहर्रमच्या दहा दिवसांच्या हलव्याचं काम नव्याने देणार होती, आणि समितीची सगळी मंडळी शनिवारी फर्शचियान म्हाताऱ्याच्या चाळिसाव्याला जेवायला असणार होती. तिथला हलवा तलअतकडेच होता. तो जमला तर काम तिला. नाहीतर ते कारखान्याला, आणि मग दुसरी कढईही उपडी.

“सोमवारपर्यंत एक काय ते दुकान ठरवा,” तलअत म्हणाली. “नुसते चष्मा पुसत बसू नका.”

नेमतुल्लाने फोनवर भाड्याने मिळणारी तीन तयार दुकानं पाहिली. पहिल्यात वस्तूशेजारी किंमत लाल अक्षरात लुकलुकत होती आणि ‘त्वरा करा, तीनच शिल्लक’ अशी हाकाटी चालली होती. दुसरं दुकान प्रत्येक खरेदीवर ‘मुबारक! लवकरच पुन्हा भेटू’ असा निरोप धाडायचं, आणि आठवड्याने अनुभवाला पाचपैकी किती तारे देता ते विचारायचं. (ज्याचा बाप गेलाय त्याने किती तारे द्यायचे?) तिसरं मात्र शांत होतं. काळी चौकट, कोपऱ्यात फिकट गुलाब, आणि किमतीखाली दोन ओळी लिहायला जागा.

“याला रीतभात आहे,” तो म्हणाला, आणि त्याने तेच घेतलं.

अडचण एवढीच होती, की किमतीच्या चौकोनात आकडाच लिहावा लागत होता. आता कुठलाही भला दुकानदार पहिल्या फटक्यात आकडा सांगतो का? गिऱ्हाईक विचारतं, दुकानदार म्हणतो, ‘तुमच्यापुढे याची काय किंमत!’ गिऱ्हाईक पुन्हा विचारतं, दुकानदार पुन्हा तेच म्हणतो, आणि तिसऱ्या आग्रहाला मान खाली घालून आकडा सांगतो. त्यात हे तर सुतकातलं घर. नेमतुल्लाने चौकोनात शून्य टाकलं, खाली ‘तुमच्यापुढे याची काय किंमत’ असं सुरेख लिहिलं आणि घरचा फोन नंबर दिला. लोक फोन करतील, तीनदा आग्रह करतील, तलअत आकडा सांगेल. मग तो समाधानाने दोन पेले चहा प्यायला.

गुरुवारी सकाळी, म्हणजे मृतांच्या वारी, तलअतने फोन हातात घेतला आणि चष्मा दोनदा पुसला.

“एकशे त्रेसष्ट डबे मागितलेत,” ती म्हणाली.

“बघ. मी उगीच तीन दिवस घालवले नाहीत.”

“घरचा फोन तर एकदाही वाजला नाही. किंमत काय लिहिलीत?”

त्याने सांगितलं. ती स्टुलावर बसली.

“फुकट हलवा कधी वाटतात, नेमतुल्ला आगा?”

त्याने चष्मा पुसायला घेतला. फुकट हलवा वाटतात घरात कुणी मेलं की. घेणाऱ्याने मृतासाठी फातिहा, म्हणजे कुराणातली प्रार्थना, वाचायची आणि घास तोंडात टाकायचा. हे काशानमधल्या पोरासोरालाही ठाऊक होतं. फक्त तीस वर्षं मृत्यूच्या टेबलावर बसलेल्या माणसाला सुचलं नव्हतं.

“हे वाचा,” ती म्हणाली. एकाने लिहिलं होतं, ‘खुदा मृताला माफ करो. फातिहा वाचली. दोन डबे.’ दुसऱ्याने लिहिलं होतं, ‘घरात पाच जण आहोत. पाचांनीही वाचली. पाच डबे.’

“सगळं रद्द करू या,” नेमतुल्ला म्हणाला.

“आणि लोकांनी वाचलेली फातिहा? ती कशी परत करणार?”

नोंदणी कार्यालयात तसा अर्जच नव्हता.

तलअत ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली, शनिवारसाठी आणून ठेवलेलं केशर, पिस्ते, पीठ सगळं बाहेर काढलं, उपडी कढई सुलटी केली आणि त्याच्या हातात उलथनं दिलं. दुपारी लोक डबे न्यायला यायला लागले. पहिलीच एक बाई दारात अडून राहिली.

“कुणाच्या नावाने खायचा? नाव नको का?”

तलअतने मागे वळून पाहिलं. नेमतुल्ला पिठाने पांढरा होऊन ढवळत होता.

“माझ्या नवऱ्याच्या,” ती म्हणाली. “नेमतुल्ला.”

“आई गं. कशाने गेले?”

“संकोचाने.”

“आणि हे कोण?”

“ढवळायला ठेवलाय.”

बाई डोळे पुसत गेली. पाठोपाठ येणारा प्रत्येक जण त्याचं नाव हळुवारपणे घेत होता. नेमतुल्लाच्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांत कुणी त्याचं नाव असं घेतलं नव्हतं, आणि आता घेत होते तर ओ द्यायची सोय नव्हती.

शुक्रवारी फर्शचियानांच्या थोरल्या सुनेचा फोन आला. “तलअत खानम, तुमच्यावर केवढा प्रसंग, आणि आम्ही तुम्हाला कामाला लावायचं? कसं शोभेल? कारखान्याला सांगितलंय. तुम्ही सावकाश रडून घ्या.” तलअतने आभार मानून फोन ठेवला. ती रडली नाही. ओढणीच्या टोकाने कढई पुसत राहिली, पुसून झालेली कढई पुन्हा पुसत राहिली. ते बघून नेमतुल्लाला वाटलं, खरोखरच मेलो असतो तर घराला कमी त्रास झाला असता.

रविवारी समितीचे हाजी मिसगरियान कागद घेऊन आले.

“काल चाळिसाव्याला कारखान्याचा हलवा खाल्ला,” ते म्हणाले. “टाळूला चिकटला तो अजून तिथेच आहे. तुमच्या मालकांचा मात्र गुरुवारी खाल्ला, खुदा त्यांना माफ करो. काय हलवा होता! त्यातून आमच्याकडे विधवेचा हक्क पहिला. मोहर्रमचं काम तुमचं.”

तलअतने खरं सांगायला तोंड उघडलं. हाजींच्या पाठीमागे, कढईपाशी, नेमतुल्ला जोरजोरात नकारार्थी मान हलवत होता. तिने तोंड मिटलं.

“भला माणूस,” हाजी लिहिता लिहिता म्हणाले. “माझ्या वडिलांचा दाखला त्यांनीच लिहिला. अक्षर अजून डोळ्यांपुढे आहे. चेहरा काही केल्या आठवत नाही.” असं म्हणत त्यांनी सरळ नेमतुल्लाकडे बघितलं आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. “हं. मदतनीस, एक. मजुरी समिती देईल. काय रे बाबा, दिवसाचे किती घेतोस?”

नेमतुल्लाने उलथनं खाली ठेवलं, हात छातीवर ठेवला आणि मान लववली. जन्माची सवय.

“तुमच्यापुढे माझी काय किंमत, हाजी आगा.”

आणि तो आग्रहाची वाट बघत उभा राहिला. त्याने तलअतकडेही पाहिलं. तलअत पिस्ते निवडत होती. हाजींनी मजुरीच्या रकान्यात एक गोल, मोठं शून्य काढलं आणि पेनाचं टोपण लावलं.