आण्णांचा रस्ता आणि माझं फुकट अपडेट

मी रांजणगावच्या एका कंपनीत परचेसला आहे. त्यामुळे तीन कोटेशन मागवल्याशिवाय मी घरात केरसुणीसुद्धा आणत नाही. (ती अजून यायची आहे. आमची ही, म्हणजे हर्षदा, सध्या शेजारणीची वापरते.) तेव्हा २००९ साली सेकंडहँड गाडी घेतल्यावर तिला रस्ता दाखवणारं यंत्र बसवायचं माझ्या मनात आलं, ते मी तीन यंत्रं पाहिल्याशिवाय घेणार नव्हतो, हे उघड आहे.

हर्षदाचं म्हणणं असं होतं की गाडीला काच आहे, काच खाली होते, आणि खाली केली की बाहेरच्या माणसाला रस्ता विचारता येतो. पण मला रस्ता विचारायची लाज वाटते. एकदा चौफुल्याला विचारायचं टाळलं म्हणून मी सहकुटुंब भिगवणपर्यंत गेलो होतो, आणि तिथं पोचल्यावर आपण मुद्दाम मासे खायलाच आलोय असं तिला सांगितलं होतं. (त्या दिवशी एकादशी होती.)

आमच्या शिरूरला असलं यंत्र मिळेना, म्हणून पुण्याला गेलो. दुकानदारानं तीन मांडली. पहिलं स्वस्त होतं, पण त्यातला नकाशा जन्माला आला तसाच राहणार होता. दुसऱ्याचा पडदा मोठा होता आणि त्यात गाणी लागत होती, म्हणून ते हर्षदाला आवडलं. तिसरं दिसायला मध्यम, पण त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं, 'लाइफटाइम फ्री मॅप अपडेट'. फुकट आणि आयुष्यभर हे दोन शब्द परचेसच्या माणसाला एकत्र दिसले की त्याचं पुढचं वाचायचं राहून जातं. तरी मी खुंटा हलवून बघितला. आयुष्यभर म्हणजे कुणाच्या, माझ्या की यंत्राच्या, असं विचारलं. जे आधी संपेल त्याच्या, असं दुकानदार म्हणाला. मला त्याचा प्रामाणिकपणा आवडला. हर्षदा म्हणाली की आपल्याकडचे रस्ते कुठं बदलतात, खड्डे तेवढे बदलतात. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

यंत्राचा पहिला प्रवास सासुरवाडीला ठरला. आता सासुरवाडीच्या रस्त्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच घडलं.

माझे सासरे आण्णा यांची वस्ती दौंड तालुक्यात, यवतच्या अलीकडे, डांबरी सडकेपासून दोन-तीन शेतं आत. त्यांच्या आजोबांची मेंढरं ज्या वाटेनं जायची, तीच पुढं बैलगाडीची वाट झाली. ती जायची हौसरावांच्या रानातून. हौसराव म्हणजे सोसायटीचे चेअरमन. त्यांनी एका साली ती वाट नांगरली, वर कांदा लावला, आणि इथं वाट कधी नव्हतीच असं सांगितलं. माझ्या लग्नाच्याही आधीची ही गोष्ट. तलाठी झाले, तहसील झाली, पंच बसून चहा पिऊन उठले. आण्णांच्या दुधाच्या किटल्या तेव्हा डोक्यावरून, कालव्याला वळसा घालून जायच्या. पावसाळ्यात तर गुरांचा डॉक्टरही चिखल बघून सडकेवरूनच परत फिरायचा. आदल्या पावसात आण्णांची एक दुभती म्हैस त्यापायी गेली. तेव्हापासून आण्णा त्या रस्त्याशिवाय दुसरं काही बोलायचेच नाहीत.

तर त्या रविवारी न्हावरा, पारगाव, केडगाव सगळं यंत्रातल्या बाईनं बिनचूक सांगितलं. हर्षदाही तेच सांगत होती, पण यंत्रातली बाई इंग्रजीत सांगत होती. शेवटी बाई म्हणाल्या, उजवीकडे वळा. उजवीकडे कांद्याचं रान होतं.

"अहो, इथं रस्ता नाही," हर्षदा म्हणाली. "ह्याच रस्त्यासाठी तर आण्णांचं भांडण चाललंय."

"तुला जमिनीवरून दिसत नाही," मी म्हणालो. "तिला आकाशातून दिसतो."

आणि मी वळलो. कांदा नुकताच लावलेला, सकाळीच पाणी दिलेलं. गाडी चार वाफे तुडवून पुढची चाकं रुतून बसली. बाई मात्र सरळ जा म्हणत होत्या.

हौसराव धावत आले. त्यांचा रंग बघून मी काच खाली केलीच नाही. तोवर पलीकडून आण्णाही आले, तेव्हा कुठं मी यंत्र काढून खाली उतरलो. दोघांच्या मध्ये मी, आणि माझ्या हातात ते यंत्र. मी बोटानं पडद्यावरची रेघ दाखवली, की बघा, माझी चूक नाही, इथं रस्ता आहेच.

आण्णांनी यंत्र हातात घेतलं. चष्मा नव्हता, म्हणून हात लांब करून बघितलं. सडकेपासून वस्तीपर्यंत सरळ पिवळी रेघ होती.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच माझा रस्ता हाय." आणि त्यांचे डोळे भरून आले. मुलीच्या पाठवणीच्या वेळीही हा माणूस मांडववाल्याशी भांडत होता. मला एकदम फार बरं वाटलं.

त्या दुपारी माझा जो मान झाला तो लग्नातही झाला नव्हता. तोवर आण्णांच्या लेखी मी पिशवीतलं दूध विकत घेणारा माणूस होतो. आता सासूबाईंनी, म्हणजे तानुबाईंनी, माझ्या शेवयांवर तूप ओतायला घेतलं त्या थांबेचनात. यंत्रालाही त्यांनी हळदकुंकू लावलं. (त्यानंतर एका कोपऱ्यातलं नीट दिसत नाही.)

संध्याकाळी बिरोबाच्या देवळासमोर सगळे जमले. हौसरावांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. माणूस वाकडा असला तरी बोलायला सरळ होता. ते म्हणाले की तलाठी कुणाचा तरी पाव्हणा असतो, पंचांनाही गोतावळा असतो, पण ह्या यंत्राला काही सोयरसुतक नाही, तेव्हा हे मानायला माझी हरकत नाही. फक्त हा नकाशा कधीचा आहे ते सांगा.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. हर्षदानं मागून माझा शर्टही ओढला. पण तीन यंत्रांतून हेच का निवडलं, हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"नकाशा कधीचा का असेना," मी छाती काढून म्हणालो. "ह्याला फुकट अपडेट आहे. आयुष्यभर."

"मंग ताजा करून आना," हौसराव म्हणाले. "ताजा जे म्हनंल ते मला मान्य."

"मलाबी," आण्णा म्हणाले. दोघांनी बिरोबाचा भंडारा उचलून कपाळाला लावला. त्या गावात कोर्टाचा निकाल फिरतो, भंडारा उचलून दिलेला शब्द फिरत नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून यवतच्या सायबर कॅफेत बसलो. नकाशा उतरायला लागला की लाइट जायची, आणि लाइट आली की पहिल्यापासून. दुपार टळल्यावर एकदाचं ते झालं. मी स्वतःही न बघता यंत्र पिशवीत घालून आणलं, आणि देवळासमोर सगळ्यांच्या देखत सुरू केलं.

हौसरावांच्या कांद्यातली रेघ गेली होती. ते रान आता स्वच्छ हिरवं होतं. नवी रेघ आण्णांच्याच रानातून निघत होती, वस्तीकडे येत होती, आण्णांच्या म्हशींच्या गोठ्यात एका दारानं शिरत होती आणि दुसऱ्या दारानं बाहेर पडून कालव्याला मिळत होती. गोठ्यावर लांबलचक पांढरे पत्रे आहेत. वरून बघणाऱ्याला तोच रस्ता वाटला असावा. मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. गोठ्यातली रेघ तशीच राहिली.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला भिगवणला जावंसं वाटलं.

"शबूद दिलाय," एवढंच म्हणून ते उठले, सरळ गोठ्यात गेले आणि रस्ता मोकळा करायला म्हशी सोडायला लागले. आम्ही सगळे मागून. पहिली म्हैस बाहेर बाभळीला बांधली, दुसरी बांधली. तानुबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. हर्षदा माझ्याकडे बघतही नव्हती, आणि त्या क्षणी मला खरोखर रडू येत होतं.

तिसऱ्या म्हशीच्या दाव्याला आण्णांनी हात घातला, तेव्हा हौसरावांनी तो हात धरला.

"ऱ्हाऊ द्या, आण्णा," ते म्हणाले. "मला तुमच्याशी भांडून जिकायचं व्हतं. ह्या डबड्याच्या नादानं म्हशी उन्हात बांधून न्हाई. ह्यांला अक्कल न्हाई, पन आपुन तर शानं हाय ना?"

'ह्यांला' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं होतं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग हौसरावांकडे बघितलं, आणि एकदम हसायला लागले. हौसरावही हसले. इतक्या वर्षांत त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट मी होतो.

तिथंच ठरलं. दोघांच्या बांधाला धरून, थोडं ह्यांचं थोडं त्यांचं, गाडी जाईल एवढा रस्ता. महिन्याभरात मुरूमही पडला. दुधाच्या किटल्या सायकलवरून जायला लागल्या आणि गुरांचा डॉक्टर दारात मोटारसायकल लावायला लागला.

पण भंडारा उचलून दिलेल्या शब्दाचं काय, हा प्रश्न त्या दिवशी गोठ्यातच उभा राहिला. यंत्र म्हणेल तो रस्ता, असं देवाला सांगितलं होतं. आण्णा हटून बसले. शेवटी तोड काढली ती तानुबाईंनी. त्या म्हणाल्या की शब्दात रस्ता कुठला ते होतं, त्यावरनं सगळ्यांनीच चालायचं असं काही नव्हतं. घरातलं कुणीतरी एक चाललं की देवाचा शब्द राहिला.

आता सणावाराला आम्ही जातो. गाडी नव्या रस्त्यानं हर्षदा थेट अंगणात नेते, आणि तानुबाई भाकरतुकडा ओवाळून तिला घरात घेतात. मी कालव्यापाशी उतरतो, दिवाळीची नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो, आणि म्हशींच्या मधून सासरी प्रवेश करतो.